तीन दिव्यांची प्रकाशयोजना

मनुष्याला दोन डोळे असतात आणि त्यांच्या बाहुल्यांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे समोरच्या वस्तूची दोन किंचित भिन्न चित्रे दृष्टिपटलांवर उमटतात. या दोन चित्रांतील फरकावरून मेंदू वस्तूची खोली आणि तिचे अंतर ताडतो. कॅमेऱ्याला मात्र भिंग एकच. त्याने टिपलेले चित्र शेवटी सपाट पडद्यावरच पाहावयाचे असते. नाक पुढे आहे, कान मागे आहेत, व्यक्ती भिंतीपासून दूर बसली आहे, ही सारी माहिती त्या सपाट चित्रात आणावयाची असेल, तर दुसरे एखादे साधन शोधले पाहिजे. ते साधन म्हणजे छाया. छाया कोठे पडावी, किती गडद पडावी आणि तिची कड कशी असावी, हे ठरविण्याच्या विद्येला प्रकाशयोजना असे नाव आहे.

आज शाळाशाळांतून पाठांचे व्हिडिओ चित्रण होते. त्यासाठी पुष्कळदा मोबाईल फोनचा कॅमेराही पुरेसा ठरतो. पण छताच्या एकाच दिव्याखाली टिपलेल्या चित्रात शिक्षकांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात आणि ओठ नाकाच्या छायेत बुडतात. ऐकू येणाऱ्या मुलाला याचा फारसा त्रास होत नाही. ज्याला ऐकू येत नाही, ते मूल मात्र ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखते. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ हे वर्ण ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांतला भेद त्याला संदर्भावरून आणि मुद्रेवरून करावा लागतो. ‘त’ म्हणताना जीभ दातांना लागते, हे दिसावयाचे तर मुखाच्या आतही थोडा उजेड पोचला पाहिजे. वाणी आणि श्रवण यांच्या दोषांवर काम करणारी अखिल भारतीय संस्था म्हैसूर येथील मानसगंगोत्री परिसरात आहे. म्हणून त्या शहराच्या उत्तरेस, कृष्णराजसागर रस्त्यालगत असलेल्या मेटगळ्ळी या औद्योगिक वस्तीतील एखादी शाळा डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचा विचार करणे उचित होईल.

एका दिव्याचे चित्र

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात एक जलरंगचित्र आहे. साडी नेसलेली एक तरुणी एका हातात दीप घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला केला आहे. हे चित्र राजा रविवर्मा यांचे असावे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी 1945-46 च्या सुमारास रंगविले. रविवर्म्यांचे निधन त्यापूर्वीच, 1906 साली झाले होते.

या चित्रात प्रकाशाचा उगम एकच आहे आणि तोही चेहऱ्याच्या खाली. ज्योतीपुढील बोटे लालसर उजळली आहेत, कारण रक्त हिरव्या-निळ्या किरणांचे शोषण करते आणि तांबडे किरण तेवढे मांसातून पार जातात. जो भाग ज्योतीपासून दूर आहे, तो हळूहळू अंधारात विरतो. हे सर्व हळदणकरांनी निरीक्षणाने साधले. परंतु हाच प्रसंग कॅमेऱ्यासमोर घडला, तर काय होईल? चेहऱ्याच्या मानाने कॅमेरा जुळविला, तर ज्योत पांढरी फट्ट होऊन तिचा आकार नाहीसा होईल. ज्योतीच्या मानाने जुळविला, तर चेहरा आणि साडी काळोखात जातील. अतिशय तेजस्वी आणि अतिशय मंद अशा दोन्ही भागांचा तपशील एकाच वेळी टिपण्याची कॅमेऱ्याची शक्ती मर्यादित असते. चित्रकार आपल्या कुंचल्याने छाया हवी तेवढी उजळू शकतो. चित्रण करणाऱ्याला तेच काम आणखी एखादा दिवा लावून करावे लागते.

सूर्यापासून दिव्यापर्यंत

चलच्चित्राच्या आरंभीच्या काळात सूर्य हाच एकमेव समर्थ दिवा होता. अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेने 1893 साली चित्रणासाठी एक काळी खोली बांधली. तिचे छप्पर उघडता येत असे आणि सूर्याच्या मागोमाग ती संपूर्ण खोली आसावर फिरविता येत असे. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाचे चित्रण मुंबईत दादर येथे केले, तेही सूर्याच्याच प्रकाशात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. त्यांनी 1923 सालच्या ‘सिंहगड’ या मूकपटात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. रात्रीचा प्रसंग, मशालींचा उजेड आणि गडाच्या भिंतीवरील सावल्या या गोष्टी आता दिग्दर्शकाच्या स्वाधीन झाल्या.

कृत्रिम दिवे आल्यावर ते मांडावे कसे, हा प्रश्न उपस्थित झाला. अनुभवाने जी मांडणी सर्वत्र रूढ झाली, ती तीन दिव्यांची. या तिघांना अनुक्रमे मुख्य दिवा, पूरक दिवा आणि पाठचा दिवा असे म्हणता येईल. चित्रणाच्या व्यवसायात त्यांना ‘की लाइट’, ‘फिल लाइट’ आणि ‘बॅक लाइट’ या नावांनी ओळखतात.

पहिला दिवा : मुख्य

मुख्य दिवा हा त्या प्रसंगातील सूर्य होय. चेहऱ्याचा आकार तोच घडवितो. तो कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी ठेवला, तर सर्व छाया चेहऱ्याच्या मागे लपतात आणि चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. तो अगदी काटकोनात बाजूला ठेवला, तर अर्धा चेहरा नाहीसा होतो. म्हणून कॅमेरा आणि व्यक्ती यांना जोडणाऱ्या रेषेपासून 30 ते 45 अंश बाजूला त्याचे स्थान असावे.

उंचीचाही विचार केला पाहिजे. मनुष्यजातीच्या डोळ्यांनी प्रकाश युगानुयुगे वरूनच येताना पाहिला आहे. त्यामुळे छाया खाली असली की वस्तू उंचवट्याची आहे, असे मेंदू गृहीत धरतो. चंद्रावरील विवरांचे छायाचित्र उलटे धरले, तर तीच विवरे टेकड्यांसारखी भासू लागतात. खालून उजळलेला चेहरा भेसूर दिसतो, त्याचेही हेच कारण. म्हणून मुख्य दिवा डोळ्यांच्या पातळीपासून 30 ते 45 अंश वर असावा. खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून 1.2 मीटर उंच आहेत असे मानू. दिव्याचा स्टँड जमिनीवरून मोजता 1.6 मीटर दूर असेल आणि दिवा 2.3 मीटर उंच असेल, तर कोन सुमारे 35 अंशांचा होतो आणि दिवा ते चेहरा हे सरळ अंतर जवळजवळ 2 मीटर भरते.

स्थान बरोबर साधले की नाकाची छाया गालाकडे तिरपी उतरते, ओठांवर पडत नाही. पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत असा त्रिकोण वारंवार दिसत असल्याने त्याला त्याचेच नाव मिळाले आहे. चश्मा घातलेल्या व्यक्तीच्या काचेवर दिव्याचे प्रतिबिंब चमकत असेल, तर दिवा आणखी थोडा वर न्यावा. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, या नियमानुसार ते प्रतिबिंब मग कॅमेऱ्याच्या खालून निघून जाते.

दुसरा दिवा : पूरक

मुख्य दिव्याने निर्माण केलेली छाया कॅमेऱ्याला वाजवीपेक्षा अधिक काळी दिसते. तिला थोडी उजळणे, एवढेच पूरक दिव्याचे काम. तो कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूस, कॅमेऱ्याच्या जवळ आणि साधारण डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. त्याने स्वतःची वेगळी, रेखीव छाया पाडू नये. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या दिसल्या, तर पूरक दिवा मर्यादा सोडून मुख्य दिव्याशी स्पर्धा करू लागला आहे, असे समजावे.

या दोन दिव्यांचे प्रमाण साध्या गणिताने ठरविता येते. मुख्य दिव्याचा प्रकाश 2 भाग आणि पूरक दिव्याचा 1 भाग आहे असे समजा. पूरक दिवा कॅमेऱ्याजवळ असल्याने तो चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंवर पडतो. म्हणजे उजळ बाजूवर एकूण 3 भाग आणि छायेच्या बाजूवर 1 भाग प्रकाश झाला. हे 3 : 1 प्रमाण पाठासाठी किंवा मुलाखतीसाठी सौम्य व स्वाभाविक दिसते. ओष्ठवाचन करणाऱ्या मुलांसाठी चित्रण असेल, तर पूरक प्रकाश मुख्य प्रकाशाइतकाच करून ते 2 : 1 वर आणावे, म्हणजे ओठांचे कोपरे स्पष्ट दिसतात. याउलट नाट्यप्रवेशासाठी ते 8 : 1 पर्यंतही नेता येते.

दोन्ही दिवे सारख्याच शक्तीचे असतील, तर हे प्रमाण अंतराने साधावे. लहानशा स्रोतापासून निघालेला प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. अंतर दुप्पट केले, तर प्रकाश निम्मा होत नाही, तो एकचतुर्थांश उरतो. निम्मा प्रकाश हवा असेल, तर अंतर सुमारे 1.4 पट करावे. मुख्य दिवा चेहऱ्यापासून 2 मीटर असल्यास पूरक दिवा 2.8 मीटरवर नेला की काम झाले.

याच नियमाचा दुसरा उपयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दिवा चेहऱ्यापासून अवघ्या अर्ध्या मीटरवर असेल आणि बोलता बोलता शिक्षक पाव मीटर पुढे झुकले, तर त्यांच्या चेहऱ्यावरील प्रकाश एकदम चौपट होतो. दिवा 2 मीटरवर असेल, तर तेवढ्याच हालचालीने प्रकाश सुमारे तीस टक्केच वाढतो. सतत हालचाल करणाऱ्या व्यक्तीसाठी दिवे दूर ठेवावेत, ते याचसाठी.

तिसरा दिवा : पाठचा

पहिल्या दोन दिव्यांनी चेहरा घडला, तरी काळे केस काळसर भिंतीत मिसळून जाण्याचा धोका उरतो. पाठचा दिवा व्यक्तीच्या मागे, वरच्या बाजूस, शक्यतो मुख्य दिव्याच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवतात. तो केसांवर आणि खांद्यांवर उजेडाची एक बारीक कड काढतो. ही कड म्हणजे व्यक्ती आणि पार्श्वभूमी यांच्यामधील सीमारेषाच होय. म्हैसूरचा राजवाडा सुमारे लाखभर दिव्यांनी उजळतो, तेव्हा त्याच्या कमानी आणि घुमट केवळ रेषांनी अंधारातून वेगळे होतात. कडेचे हे महत्त्व त्या दृश्यात स्पष्ट दिसते.

या दिव्याचे किरण सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात शिरू देऊ नयेत. तसे झाल्यास भिंगाच्या आत त्यांची परावर्तने होऊन सर्व चित्रावर पांढुरके धुके पसरते. दिव्याच्या कडेला काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा केल्याने हा दोष टळतो. व्यक्ती भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे बसविली, तर तिची सावली भिंतीवर न पडता जमिनीवर पडते आणि पाठच्या दिव्यालाही जागा मिळते.

छायेची कड

छायेला दोन भाग असतात. स्रोताचा कोणताही अंश जेथून दिसत नाही, ती गडद छाया. जेथून स्रोताचा काही अंश दिसतो, ती उपच्छाया. स्रोत जितका मोठा दिसेल, तितकी उपच्छाया रुंद आणि छायेची कड मृदू. येथे स्रोताचा प्रत्यक्ष आकार महत्त्वाचा नाही. वस्तूच्या जागेवरून तो केवढा दिसतो, हे महत्त्वाचे आहे. सूर्याचा व्यास सुमारे 14 लक्ष किलोमीटर आहे, पण तो 15 कोटी किलोमीटर दूर असल्याने आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. म्हणून उन्हातील सावली रेखीव असते. तेच ऊन ढगांतून गाळून आले की सारे आकाश स्रोत बनते आणि सावली जवळजवळ नाहीशी होते.

या तत्त्वाचा एक संस्मरणीय उपयोग सत्यजित राय यांच्या 1956 सालच्या ‘अपराजितो’ या चित्रपटात झाला. बनारसच्या घराचे अंगण बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते. अशा अंगणात प्रकाश वरच्या मोकळ्या आकाशातून उतरतो आणि त्याला ठळक सावल्या नसतात. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतलेल्या प्रकाशात चित्रण केले. शाळेतही हे सहज करता येते. पांढऱ्या भिंतीकडे दिवा वळविला की भिंतच मोठा, मृदू दिवा बनते. मुख्य दिव्याच्या समोर पांढरा पुठ्ठा किंवा थर्मोकोलचा तक्ता उभा केला, तर तो पूरक दिव्याचे काम करतो.

प्रकाशाचा रंग

सर्व पांढरे दिवे सारखे पांढरे नसतात. तापविलेला पदार्थ प्रथम तांबडा, मग पिवळा आणि पुढे निळसर पांढरा दिसतो. म्हणून प्रकाशाची छटा केल्विन अंशांत सांगण्याची पद्धत आहे. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे 1900, घरगुती तंतूच्या दिव्याचा 2700, स्टुडिओतील तंतूच्या दिव्याचा 3200 आणि भर दिवसाचा सुमारे 5600 केल्विन मानतात. डोळा या फरकांशी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एकाच छटेशी जुळवावे लागते. खिडकीतून दिवसाचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिवा असे मिश्रण झाले, तर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा नारिंगी दिसतो. तेव्हा खिडकी बंद करावी, नाही तर तिच्या छटेचाच एल.ई.डी. दिवा निवडावा.

भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा आवर्तने करतो आणि काही दिवे सेकंदाला 100 वेळा कमीअधिक होतात. डोळ्यांना हे कळत नाही. चित्रात मात्र आडवे पट्टे सरकू लागतात. कॅमेऱ्याच्या झडपेचा अवधी 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला पूर्ण स्पंदने येतात आणि पट्टे नाहीसे होतात.

दिव्याची उष्णता

तंतूचा दिवा जेवढी वीज घेतो, तिचा अगदी लहान अंश दृश्य प्रकाशात बदलतो. उरलेली जवळजवळ सर्व उष्णताच होते. म्हणजे 1000 वॉटचा दिवा हा प्रायः 1000 वॉटचा शेगडीवजा तापक असतो. असे दहा-वीस दिवे बंदिस्त जागेत तासन्‌तास जळत राहिले, तर हवा, कापड आणि लाकूड सारेच तापून कोरडे होते.

याची भीषण किंमत म्हैसूर शहराने पाहिली आहे. 8 फेब्रुवारी 1989 रोजी तेथील प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानावरील दूरदर्शन मालिकेचे चित्रण चालू असताना आग लागली आणि 62 माणसे प्राणास मुकली. मोठ्या दिव्यांची उष्णता, सैल वीजजोडण्या, वाऱ्याला वाट नसणे आणि पेट घेणारी गोणपाटे यांचा उल्लेख त्या दुर्घटनेच्या वृत्तांतांतून आढळतो. यांतील एकही कारण केवळ चित्रपटव्यवसायाचे नाही. शाळेच्या सभागृहात भाड्याचे हॅलोजन दिवे, जुनी तारजोडणी, कापडी पडदे आणि बंद खिडक्या एकत्र आल्या की तीच परिस्थिती लहान प्रमाणावर निर्माण होते.

विजेचा भार मोजणे कठीण नाही. वॉटला 230 व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 1000 वॉटचा एक दिवा सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेतो. भिंतीवरचा साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. म्हणून त्यावर असा एकच दिवा लावता येईल, दुसरा नाही. जोडतार गुंडाळलेली ठेवल्यास तिची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ती पूर्ण उलगडावी. तप्त दिव्यावर कापड, कागद किंवा थर्मोकोल टेकू देऊ नये. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. अग्निशामक नळकांडे हाताशी असावे, बाहेर जाण्याची वाट मोकळी असावी, आणि खोलीतील प्रत्येकाला ती ठाऊक असावी. एल.ई.डी. दिव्यांना तेवढ्याच प्रकाशासाठी वीज बरीच कमी लागते आणि उष्णताही कमी होते. शाळांनी तेच वापरणे श्रेयस्कर.

वर्गातील प्रयोग

मेटगळ्ळीच्या एखाद्या शाळेत हा प्रयोग करावयाचा असेल, तर आरंभ खिडकीपासूनच करावा. युरोपातील चित्रकार उत्तरेकडील खिडकी पसंत करीत, कारण तिच्यातून ऊन आत येत नाही. म्हैसूर सुमारे 12.3 अक्षांशावर आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात तेथे सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो आणि या दोहोंमधील काळात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेलाच असतो. म्हणून तेथे ऋतू पाहून खिडकी निवडावी लागते. मध्यान्ही अंगणात चित्रण करू नये. डोक्यावरचा सूर्य डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो.

विद्यार्थ्याला खिडकीजवळ तिरपे बसवावे. खिडकी हा मुख्य दिवा. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरावा. तो पूरक दिवा. मागच्या कोपऱ्यात उंचावर दिवसाच्या छटेचा लहानसा एल.ई.डी. दिवा लावावा, तो पाठचा दिवा. प्रथम एकेक दिवा स्वतंत्रपणे पाहावा. पुठ्ठा काढून, जवळ आणून आणि दूर नेऊन प्रत्येक वेळी चित्र घ्यावे. शेवटी चित्रणाचा आवाज बंद करून ते वर्गाला दाखवावे आणि विद्यार्थी काय बोलला, हे ओठांवरून ओळखावयास सांगावे. पुठ्ठा जवळ असताना किती शब्द ओळखले गेले आणि तो काढल्यावर किती, याची नोंद फळ्यावर दोन रकान्यांत करावी. कोणती मांडणी ठेवावी, हे त्या दोन आकड्यांवरूनच ठरेल.